विद्यार्थ्यांचं लेखन आणि एआय: नागपुरातल्या शिक्षक, पालक, विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच सांगा सर, मुलांना एआय वापरू द्यायचं की नाही?

सत्र सुरू झालं की स्टाफरूममध्ये हा प्रश्न निघतो आणि दहा मिनिटांत दोन तट पडतात. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला आलं. आता तर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तरी मेटाचा एआय समोर हजर असतो. त्यामुळे ‘वापरू द्यायचं का’ हे ठरवायची वेळ कधीच निघून गेली. ठरवायचं आहे ते एवढंच की लिहिण्याच्या कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कामासाठी वापरायचं. ते विषय देतानाच सांगायचं, वह्या जमा झाल्यावर नाही. आमच्याकडे एक नियम पक्का आहे: पहिला कच्चा मसुदा मुलाचा स्वतःचा, मोडकातोडका असला तरी चालेल. बाकीच्या बाबतीत विषयानुसार, वर्गानुसार ढील देता येते.

लेखनप्रक्रिया म्हणजे काय? आम्ही विषय देतो, मुलं लिहून आणतात, आम्ही तपासतो. झालं.

विषय मिळणं आणि वही जमा होणं, या दोन्हींच्या मध्ये जे घडतं ती लेखनप्रक्रिया. विषय समजून घेणं, माहिती जमवणं, काय घ्यायचं नि काय सोडायचं ते ठरवणं, कच्चं लिहिणं, कुणाला तरी वाचायला देणं, खोडणं, पुन्हा लिहिणं आणि सगळ्यात शेवटी शुद्धलेखन. आपण शिक्षक यातलं फक्त शेवटचं पान पाहतो. मधला सगळा काळ मूल एकटं असतं.

ही जागा एआय यायच्या आधीपासूनच रिकामी होती. तिथे पूर्वी गाईड होतं, ताईची जुनी वही होती, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या वर्षीची अख्खी प्रोजेक्ट फाइल मिळायची. वरचं नाव बदललं की काम फत्ते. तेव्हा आपण फारसं मनावर घेतलं नाही. आता तेच काम अर्ध्या मिनिटात आणि फुकटात होतं, म्हणून आरडाओरड आहे.

२०२५मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ५४ जणांवर एक प्रयोग केला. काहींनी चॅटजीपीटी घेऊन निबंध लिहिला, काहींनी सर्च इंजिन वापरून, काहींनी नुसत्या डोक्यानं. चॅटजीपीटी गटातल्या बहुतेकांना आत्ताच लिहिलेल्या स्वतःच्या निबंधातलं एक वाक्यही नीट सांगता आलं नाही. प्रयोग लहान आहे, त्यावरून ‘मेंदू गंजला’ छापाचे मथळे करणारे करोत. पण तोंडी परीक्षा घेणाऱ्या कुठल्याही मास्तरला यात नवल वाटणार नाही.

एआयनं लिहिलेलं पकडणारं सॉफ्टवेअर आहे ना? ते कॉलेजनं विकत घेतलं की प्रश्न मिटला.

मिटत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच जानेवारी २०२३मध्ये असं एक साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयनं लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला आणि माणसानं लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के एआयच्या खात्यात गेला. जुलैमध्ये त्यांनी ते गुंडाळलं.

दुसरी गोष्ट आपल्या जास्त जिव्हाळ्याची. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एआय पकडणाऱ्या सात साधनांना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध दिले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा माणसांनी स्वतः लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध ‘एआयचे’ ठरले. कारण साधं आहे. शब्दसंग्रह मर्यादित, वाक्यं छोटी आणि ठरावीक वळणाची असली की या साधनांना तो एआय वाटतो. आता गडचिरोलीहून किंवा भंडाऱ्याहून नागपुरात शिकायला आलेल्या, बारावीपर्यंत मराठी माध्यमात असलेल्या पोराचं इंग्रजी डोळ्यांसमोर आणा. नेमकं तेच पोरगं फसणार.

मराठीत तर गंमतच आहे. ‘अनन्यसाधारण महत्त्व’, ‘काळाची गरज’, ‘मोलाचा वाटा’ ही वाक्यं एआयची म्हणून आपण लाल शाईनं खोडतो. पण ही आपणच पिढ्यान्‌पिढ्या गाईडमधून पाठ करून घेतली आहेत!

मग संशय आला तर हातावर हात ठेवून बसायचं?

नाही. मुलाला वेगळं बोलवा, वर्गासमोर नको. कच्ची पानं आहेत का विचारा. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर त्यात व्हर्जन हिस्टरी असते, कोणत्या दिवशी काय लिहिलं, काय खोडलं ते दिसतं. चार दिवसांत हळूहळू वाढलेला मजकूर आणि रात्री ११.४० वाजता एका झटक्यात चिकटवलेली पाच पानं यातला फरक कुणालाही कळतो. तरीही तेवढ्यावर निकाल देऊ नका, कारण कागदावर लिहून मग टाइप करणारी मुलंही आहेत. त्यातला एक परिच्छेद निवडा नि म्हणा, ‘हे मला समजावून सांग.’ ज्यानं लिहिलंय तो अडखळत का होईना सांगतो, वर दोन गोष्टी जास्तीच्या सांगतो.

एक गोष्ट मात्र करू नका: मजकूर चॅटजीपीटीला देऊन ‘हे तूच लिहिलंस का?’ असं विचारणं. २०२३मध्ये टेक्सासमधल्या एका प्राध्यापकानं असंच केलं, एआयनं ‘हो’ म्हटलं आणि वर्गातल्या मुलांचे निकाल अडकले. एआयला असं काही आठवत नसतं. तो विचारणाऱ्याच्या कलानं उत्तर देतो.

स्वतःचा मसुदा झाल्यावर एआयची मदत घ्यायची ती प्रत्यक्षात कशी? उदाहरण द्या.

काटोलकडची एक बी.ए.ची विद्यार्थिनी. घरची संत्र्याची बाग. फील्ड प्रोजेक्टसाठी तिनं विषयही तोच घेतला आणि पहिली दोन पानं आणली. सुरुवात अशी: ‘संत्रा हे नागपूरचे वैभव असून शेतकऱ्यांच्या जीवनात त्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ पुढे रोजगार, निर्यात, जीवनसत्त्व क. सगळं बरोबर, सगळं निर्जीव. एआयनं लिहिलं का, हे मी विचारलंच नाही. विचारलं, ‘तुमच्याकडे बहार कोणता घेता?’ (बहार म्हणजे झाडाला फुलं-फळं धरायचा हंगाम, संत्र्याचे मुख्य दोन: आंबिया आणि मृग.)

‘आंबिया.’

‘मृग का नाही?’

आणि मग पोरगी बोलायला लागली. मृग बहार धरायचा तर मे महिन्यात झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं. पहिल्या पावसानं ताण सुटला की झाड फुलतं. पण आमची जमीन भारी, ओल धरून ठेवते, ताणच बसत नाही. त्यात मे महिन्यात अवकाळी आला की सगळं मुसळ केरात. म्हणून बाबा आंबिया घेतात. मात्र आंबियाला उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं, बोअर आटली की फळं टिकत नाहीत, आणि श्रावण-भाद्रपदात फळांची गळ झाली की बाबा दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.

मी म्हटलं, हे आत्ता जसं बोललीस तसंच लिहून आण. शुद्धलेखन बघू नकोस.

तो झाला तिचा पहिला मसुदा. त्यानंतर एआयला काम दिलं ते असं: ‘हा माझा मसुदा आहे. यात काहीही बदलू नको, नवीन वाक्य लिहून देऊ नको. शेतीची माहिती नसलेल्या वाचकाला कुठे अडेल, तेवढं प्रश्न विचारून सांग.’ त्यानं विचारलं की ताण म्हणजे काय, तो किती दिवस देतात, भारी जमिनीत का बसत नाही. प्रश्न चांगले होते. मी घाईत असतो तर माझ्याकडून ते सुटले असते. उत्तरं तिनं बाबांना फोन करून मिळवली. त्याच दिवशी उत्सुकतेपोटी तिनं ‘आता हे सुधारून दे’ असंही सांगून पाहिलं. सुधारलेल्या पानात मृगाची फळं डिसेंबरात काढणीला आली होती. डिसेंबरात निघतो तो आंबिया, मृग फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिला हसू आलं, कारण तिला माहीत होतं. शहरातल्या मुलानं ते तसंच छापून दिलं असतं.

यात कुठली मदत चालते आणि कुठली नाही?

मोठी यादी करायला गेलं की मुलं पळवाटा शोधतात, म्हणून आम्ही एकच कसोटी सांगतो. हीच मदत तू तुझ्या मोठ्या भावाकडून घेतली असतीस तर सरांसमोर उघडपणे सांगितली असतीस का? ‘दादानं माझे प्रश्न ऐकले, चुका दाखवल्या’ हे कुणीही सांगेल. ‘दादानं लिहून दिलं’ हे कुणी सांगत नाही.

बारीक प्रकरणं उरतातच. मुद्द्यांची यादी एआयकडून घेतली तर? मला विचाराल तर निबंधासाठी नको, कारण मुद्दे सुचणं हाच निबंधाचा गाभा आहे. पण प्रयोगशाळेच्या अहवालात कोणते भाग असतात एवढं विचारायला हरकत नाही. माझे एक सहकारी याच्या नेमकं उलट मानतात. त्यांच्या वर्गात त्यांचा नियम.

एआयची मदत घेतली हे लिहायचं कसं?

शेवटी तीन-चार ओळी, साध्या भाषेत. असं: ‘पहिला मसुदा मी स्वतः लिहिला. त्यानंतर चॅटजीपीटीला मजकुरातल्या अस्पष्ट जागा दाखवायला सांगितल्या. त्यानं दाखवलेल्या जागांपैकी तीन मी पुन्हा लिहिल्या, दोन तशाच ठेवल्या. शुद्धलेखन मैत्रिणीकडून तपासून घेतलं.’ साधनाचं नाव आणि महिना टाकला की पुरे. एआयला सहलेखक म्हणून दाखवू नका. संशोधन-प्रकाशनाच्या नीतीसाठी काम करणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं फेब्रुवारी २०२३मध्येच स्पष्ट केलंय की मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही त्याला लेखक म्हणता येत नाही.

प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापले तर पुढल्या वेळी कुणीही लिहिणार नाही, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावं.

यूजीसीचा १० टक्क्यांचा नियम आहे ना? त्याखाली आलं की चाललं?

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, साहित्यचौर्यविषयक विनियम २०१८चे आहेत. समानता १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रत. ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करायला बंदी. ६०च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. हे प्रबंध नि लघुप्रबंधांच्या बाबतीत.

पण हे आकडे मोजतात ते दुसरीकडच्या मजकुराशी असलेलं साम्य. एआय प्रत्येक वेळी नवी वाक्यं जुळवतो, त्यामुळे अख्खं प्रकरण त्याच्याकडून लिहून घेतलं तरी साम्य ४-५ टक्केच दिसू शकतं. अहवाल स्वच्छ आला म्हणजे काम स्वच्छ, असं नव्हे. त्याच विनियमांत साहित्यचौर्याची व्याख्या दुसऱ्याचं काम वा कल्पना स्वतःची म्हणून मांडणं अशी आहे, ती वाचा. आणि आपल्या विभागाचं एआयबद्दल काय म्हणणं आहे ते मार्गदर्शकांकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालतं रे’ व्हायव्हाच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

एआयनं दिलेले संदर्भ वापरता येतील का?

स्वतः उघडून वाचल्याशिवाय एकही नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ला वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले खटले कोर्टात सादर केले. ते खटले झालेच नव्हते. ५,००० डॉलर दंड बसला. मराठी साहित्याच्या बाबतीत धोका आणखी मोठा, कारण आपली जुनी मासिकं इंटरनेटवर फारशी नाहीतच. ‘युगवाणी’चा अमुक वर्षाचा अंक, पान, लेखक असं सगळं ठसठशीत मिळतं, अंक काढून पाहावा तर तिथे भलताच लेख. प्रबंध शोधायचे तर शोधगंगा आहे, सर्वसाधारण माहितीला मराठी विश्वकोश आहे, दोन्ही फुकट आहेत. विदर्भाच्या साहित्याबद्दल काही हवं असेल तर झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात जा. १९२३पासूनची संस्था आहे. कॉटन मार्केटच्या गर्दीतून तिथवर पोचायला लागेल तेवढा वेळ लागू द्या.

विषय कसे द्यावेत, म्हणजे एआयला जमणारच नाहीत?

असा विषय नसतो. एआय कशावरही काहीतरी लिहितो. पण असे विषय देता येतात ज्यात स्वतः लिहिणं एआयकडून लिहून घेण्यापेक्षा सोपं पडतं.

‘माझा आवडता सण’ हा विषय दिलात तर तो गेलाच म्हणून समजा. त्याऐवजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला, म्हणजे नागपुरातल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला, जायला सांगा. इतवारी-महालच्या त्या गर्दीत कुठे उभा होतास, काळी नि पिवळी मारबत समोरासमोर आल्या तेव्हा शेजारचा माणूस काय म्हणाला, यंदा बडग्या (टीकेचा पुतळा) कुणाचा नि कशावरून काढला होता, त्यावर लोक हसले की चिडले, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणताना तुझ्या मनात कुणाची पीडा होती? बडगे दर वर्षी ताज्या विषयांवर निघतात, म्हणून जुन्या माहितीवर हा निबंध उभा राहत नाही. न गेलेलं मूल लगेच उघडं पडतं. गेलेल्या मुलाला काय लिहू आणि काय नको असं होतं.

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीला फील्ड प्रोजेक्ट, सामाजिक सहभाग, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आणलंय. खरं तर ही सोन्यासारखी संधी आहे. पण अहवालाचा साचा असा दिला जातो की प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, निष्कर्ष यातच वीस पानं भरतात आणि प्रत्यक्ष काय पाहिलं त्याला दोन पानं उरतात. ते प्रमाण उलटं करा.

आमच्या वर्गात १२० मुलं. सगळ्यांचे मसुदे कधी पाहायचे?

सगळ्यांचे पाहायचेच नाहीत. पहिला मसुदा वर्गातच, हातानं, वीस मिनिटांत, फोन बॅगेत. तो गोळा करून नुसती तारीख टाकून सही करा, वाचू नका. पुढच्या तासाला जोड्या करून एकमेकांचे वाचू द्या. प्रत्येकानं दुसऱ्याच्या पानावर एक प्रश्न लिहायचा. अंतिम प्रतीला सही केलेलं पान जोडायचं. मग त्यातले दर वेळी आठ-दहाच चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तोंडी विचारा. कुणाचा नंबर लागेल ते माहीत नसलं की सगळे तयारीनं येतात. २० गुणांतले ८ गुण या मधल्या कामाला ठेवा. त्याशिवाय पोट्टे मनावर घेत नाहीत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

इंग्रजीत लिहावं लागतं, पण विचार मराठीत येतो. एआयनं भाषांतर करून घेतलं तर चोरी होते का?

इंजिनीअरिंगच्या आणि एम.एस्सी.च्या मुलांचा हा सगळ्यात खरा प्रश्न. माझ्या मते मराठीत स्वतः लिहून मग इंग्रजीला मदत घेणं ही चोरी नाही, पण ते सांगितलं पाहिजे आणि मराठी मसुदा जपून ठेवला पाहिजे. आधी जेवढं जमेल तेवढं इंग्रजी स्वतः लिहा, मग एआयकडून चूक आणि चुकीचं कारण विचारून घ्या. नुसतं ‘दुरुस्त कर’ म्हणाल तर चार वर्षांनी मुलाखतीत तेच इंग्रजी राहील. आणि भाषेच्याच पेपरात, जिथे इंग्रजी येणं हीच परीक्षा आहे, तिथे हे अजिबात चालणार नाही.

मुलं ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिली’ लिहितात, एआय ते काढून टाकतो. चांगलंच आहे ना?

अर्जात, अहवालात चांगलं. कथेत, संवादात, आठवणीत वाईट. इतवारीतला भाजीवाला ‘आपण काय घेऊ इच्छिता’ असं बोलायला लागला की कथा तिथेच मेली. एआयला प्रमाणभाषेकडे ओढायची खोड आहे. बोली तशीच ठेव असं बजावलं तर तो कुठल्यातरी सिनेमातली वऱ्हाडी आणतो. ते काम त्याच्याकडे देऊच नका.

दहावीच्या मुलाचं काय? घरी सगळं एआयकडून लिहून घेतो.

मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या पेपरात उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. पत्र, सारांश, बातमी, कथा, निबंध. ते परीक्षा हॉलमध्ये हातानं लिहायचं असतं आणि तिथे फोन नसतो. एवढं सांगितलं तरी बहुतेक घरांत फरक पडतो. युनेस्कोनं २०२३मध्ये वर्गात अशी साधनं वापरायला किमान १३ वर्षं वय सुचवलंय. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींतही १३च्या खाली मनाई आहे आणि १८पर्यंत पालकांची संमती लागते. पालकांनी रागावण्याऐवजी रोज जेवताना ‘आज काय लिहिलंस, ऐकव’ म्हणावं. न लिहिलेलं ऐकवता येत नाही.

शिक्षकांनी वह्या एआयकडून तपासून घेतल्या तर?

मुलांकडून उघड सांगण्याची अपेक्षा असेल तर आपणही सांगायचं. गुण आपणच द्यायचे. मुलांची नावं, रोल नंबर, घरच्या अडचणी लिहिलेली पानं कुठल्याही एआयमध्ये टाकू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. आईच्या आजारपणावर लिहिलेला निबंध मुलानं तुम्हाला वाचायला दिलेला असतो, कंपनीला नाही.

ज्याच्याकडे चांगला फोन नाही त्याचं काय?

एआय वापरणं सक्तीचं करू नका. वापरणाऱ्याला जादा गुण तर मुळीच नको. वरचे सगळे टप्पे कागद, पेन आणि शेजारच्या बाकावरच्या मित्रावर पार पडतात.

(विद्यार्थ्याकडून) सर, परवा सबमिशन आहे आणि एक ओळ लिहिलेली नाही. आता?

आत्ता फोनच्या रेकॉर्डरवर विषयाबद्दल जे येतं ते पाच मिनिटं बोल. मग ते ऐकत कागदावर उतरव, दीड-दोन पानं होतात. उद्या सकाळी वाच, काय कमी आहे त्याखाली रेघ मार, तेवढंच लायब्ररीत शोध. संध्याकाळी पक्कं लिही. एआयला विचारायचंच असेल तर उद्या दुपारनंतर, आणि ते शेवटच्या ओळीत नोंदव. तरी जमणार नाही असं वाटलं तर आजच मॅडमना भेटून दोन दिवस माग. परवा सकाळी मागशील तर मिळणार नाहीत.